अंदाज आणि संकल्प

१

आमच्या वडिलांना हिशेब लिहिण्याची शिस्त होती. पहिल्या तारखेला पगार हाती आला की, लाल कापडी बांधणीच्या वहीत ते दोन रकाने आखीत. डावीकडे येत्या महिन्याचा अंदाज, आणि महिना सरत आला की उजवीकडे प्रत्यक्ष झालेला खर्च. घरभाडे, किराणा, दूध, मुलांची फी, आणि सर्वांत शेवटी ‘औषधपाणी’. इतर बाबींत अंदाज आणि खर्च यांचा मेळ क्वचितच बसे. औषधपाण्याच्या बाबतीत मात्र तो वर्षानुवर्षे बसत असे. वडिलांना त्याचे समाधान वाटे. घरात आजारपण नाही, असा त्याचा अर्थ ते लावीत आणि आम्हीही तोच लावीत होतो. आई गेल्यानंतर मावशीकडून कळले की, शेवटची सात-आठ वर्षे आई पोटाचे दुखणे अंगावर काढीत होती. औषधपाण्याच्या रकान्यात दहा रुपयांपलीकडे जागा नाही, हे तिला दर पहिल्या तारखेस कळत असे. म्हणून तिने ते कुणालाच सांगितले नव्हते. वही खोटी नव्हती. तिच्यातली प्रत्येक बेरीज बरोबर होती. अंदाज बरोबर येण्यासाठी जी किंमत मोजली गेली होती, तिची नोंद मात्र तिच्यात कोठेही नव्हती.

सार्वजनिक आरोग्यसेवेला येत्या दहा-वीस वर्षांत किती पैसा लागेल, याविषयीचे सरकारी अहवाल वाचताना मला ती वही आठवते. हे अहवाल तज्ज्ञांनी परिश्रमपूर्वक तयार केलेले असतात. लोकसंख्येची वाढ, वृद्धांचे प्रमाण, रोगांचे बदलते स्वरूप, औषधांच्या किमती, डॉक्टरांचे वेतन, या साऱ्यांचा विचार करून ते एका आकड्यापाशी येतात. त्या आकड्याची चिकित्सा करण्याचा अधिकार अर्थशास्त्रज्ञांचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी एक प्रश्न असा आहे की, तो कोणत्याही एका शास्त्राच्या अधिकारात येत नाही. समाजाच्या आरोग्यासाठी उद्या किती लागेल हे सांगणे, हे ज्ञानाचे काम आहे की नीतीचे?

मराठीने या प्रश्नाची दोन्ही टोके आपल्या शब्दांत जपून ठेवली आहेत. ‘बजेट’ या शब्दाला आपण दोन प्रतिशब्द वापरतो: अंदाजपत्रक आणि अर्थसंकल्प. व्यवहारात ते समानार्थी मानले जातात. पण त्यांच्यामागील मनोवृत्ती भिन्न आहेत. अंदाज करणारा हा प्रेक्षक असतो. आभाळाकडे पाहून पावसाचा आणि उभ्या शेताकडे पाहून पिकाचा अंदाज करावा. जे होणार आहे ते आपल्या बोलण्याने बदलणार नाही, हे त्यात गृहीत असते. संकल्प करणारा हा कर्ता असतो. पूजेला बसलेला यजमान देशकालाचा उच्चार करतो, आपले नाव-गोत्र सांगतो, अमुक कर्म मी करीन असे म्हणतो आणि हातातले पाणी ताम्हनात सोडतो. त्यानंतर ते कर्म त्याच्यावर बंधनकारक होते. आरोग्यावरील भावी खर्चाचा आकडा मांडणारा मनुष्य या दोहोंपैकी कोण असतो?

२

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिले उदाहरण ब्रिटनचे घ्यावे लागते. कारण सर्व नागरिकांना कररूपी पैशांतून वैद्यकीय सेवा देण्याचा प्रयोग जेव्हा तेथे झाला, तेव्हा त्याच्या खर्चाचा अंदाज आधीच मांडला गेला होता. डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्याविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात आरोग्य व पुनर्वसन सेवांसाठी १९४५ साली १७ कोटी पौंड लागतील, असे धरले होते; आणि वीस वर्षांनंतर, १९६५ सालीही तेवढेच, १७ कोटी पौंड. सेवा विस्तारत जाईल हे बेव्हरिज यांना दिसत होते. पण सेवेमुळे लोक निरोगी होतील, रुग्णांची संख्या घटेल आणि एक वाढ दुसऱ्या घटीने भरून निघेल, असा त्यांचा हिशेब होता.

विहिरीतला साचलेला गाळ एकदा उपसला की पुढे वर्षाकाठी थोडी डागडुजी पुरते, अशी ही कल्पना. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली आणि ती कल्पना फार काळ टिकली नाही. चष्मे आणि कवळ्या यांसाठी अशी रीघ लागली की, पहिल्या वर्षाचे अंदाज कोलमडले. ही माणसे काल-परवा अंधुक पाहू लागली नव्हती. १९११ च्या विमा कायद्याने नोकरी करणाऱ्या कामगाराला डॉक्टर मिळत होता. त्याच्या बायकोला आणि मुलांना सहसा मिळत नव्हता. म्हणजे रोग होते, वेदना होत्या. पण कोणत्याही दफ्तरात त्यांची ‘मागणी’ नोंदलेली नव्हती. दार उघडताच जी गर्दी आत आली, ती दाराबाहेर अनेक वर्षे उभी होती.

त्यानंतर जे घडले तेही बोलके आहे. कोरियातील युद्धामुळे शस्त्रसज्जतेचा खर्च वाढला, आणि १९५१ साली अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी चष्मे व कवळ्या यांवर शुल्क बसवले. ज्यांनी ही सेवा उभी केली होती, त्या अन्यूरिन बेव्हन यांनी या कारणावरून मंत्रिपदाचा राजीनामा दिला. खर्च हाताबाहेर जात आहे, अशी भावना सर्वत्र पसरली होती. १९५३ मध्ये क्लॉड गिलबो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यासाठी ब्रायन एबल-स्मिथ आणि रिचर्ड टिट्मस यांनी आकड्यांची छाननी केली, तेव्हा निराळेच चित्र पुढे आले. १९४९-५० साली या सेवेचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.७५ टक्के होता. १९५३-५४ साली तो ३.२५ टक्क्यांवर आला होता. पौंडांतील रक्कम वाढली होती, पण देशाच्या ऐपतीशी असलेले तिचे प्रमाण घटले होते. जी उधळपट्टी सर्वांना दिसत होती, ती मुख्यतः अंदाजाच्या तुलनेत होती. अंदाज कमी केला गेला होता, आणि दोष मात्र रुग्णांच्या पदरी पडला होता.

पावसाचा अंदाज चुकला म्हणून पाऊस बदलत नाही. आरोग्याच्या खर्चाचा अंदाज मात्र ज्याविषयी केला जातो, त्यालाच बदलून टाकतो. एखाद्या आडवळणाच्या गावी दवाखान्यात रुग्ण थोडे येतात, म्हणून तेथे एकच डॉक्टर पुरे, असे ठरते. एकटा डॉक्टर रजेवर गेला की दवाखाना बंद राहतो. दोनदा परत गेलेला रुग्ण तिसऱ्यांदा येत नाही. वर्षअखेरीस येणाऱ्यांची संख्या आणखी घटलेली असते, आणि आकडे तपासणारा अधिकारी प्रामाणिकपणे शेरा मारतो की, एकच डॉक्टर पुरेसा आहे. येथे अंदाज खरा ठरलेला असतो. परंतु तो वस्तुस्थितीशी जुळला असे म्हणण्यापेक्षा वस्तुस्थितीला त्याने आपल्याशी जुळवून घेतले, असे म्हणणे योग्य होईल. ब्रिटनमधीलच जुलियन ट्युडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली मांडलेला नियम प्रसिद्ध आहे: चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. मागील वर्षाच्या खर्चावर काही टक्के चढवून पुढील वर्षाची रक्कम ठरवण्याची जी सार्वत्रिक रीत आहे, ती या विषमतेला दरवर्षी नव्याने मान्यता देत असते.

३

यावर कोणी म्हणेल की, मग लोकांनाच विचारावे. कोण आजारी आहे, कोणाला काय हवे आहे, याची पाहणी करावी आणि तिच्यावर अंदाज उभारावा. ही सूचना वरकरणी निर्दोष वाटते. तिच्यातील अडचण आपल्याच देशातील दोन पाहण्यांनी दाखवून दिली आहे.

१९४४ साली, बंगालच्या दुष्काळाला एक वर्ष लोटल्यावर, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेने हुगळी जिल्ह्यातील सिंगूर येथे पाहणी केली. पुढे अमर्त्य सेन यांनी तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आपण आजारी आहोत किंवा आपली प्रकृती यथातथाच आहे, असे सांगणाऱ्या विधुरांचे प्रमाण ४८.५ टक्के होते. विधवांमध्ये ते अवघे २.५ टक्के होते. दुष्काळाच्या त्या वर्षांत बंगालमधील विधवा विधुरांहून धडधाकट होत्या, असे मानायला कोणी तयार होणार नाही. ज्यांच्या प्रकृतीची विचारपूस कधी झालीच नाही, त्यांना ‘तुम्हांला काय होते?’ या प्रश्नाचे ‘काही नाही’ हेच उत्तर ठाऊक असते. सेन यांनीच पुढे दाखवून दिले आहे की, आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळातील लोक आजारपणाची तक्रार अधिक करतात आणि बिहारमधील कमी. शिक्षण आणि दवाखाना यांचा सहवास घडला की दुखण्याला दुखणे म्हणण्याचे धैर्य येते.

दुसरी पाहणी गडचिरोलीची. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. त्यापूर्वी कधीही तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया ८ टक्के होत्या. त्या जिल्ह्यासाठी भावी तरतुदीचा अंदाज जर कोणी दवाखान्याच्या नोंदवहीवरून केला असता, तर तो या ८ टक्के स्त्रियांवरून केला असता, आणि तो गणितदृष्ट्या बिनचूक असता.

येथे गरज आणि मागणी या दोन कल्पना एकमेकींपासून विलग होतात. मागणी ही बोलकी असते. तिला पाय असतात, प्रवासखर्च परवडतो, एक दिवसाची मजुरी बुडवता येते. गरज पुष्कळदा मुकी असते. बाजाराला मागणी कळते, आणि ज्या शासनाने बाजाराचीच दृष्टी स्वीकारली आहे, त्यालाही तेवढीच कळते. म्हणून खर्चाचा अंदाज करणाऱ्याने आरंभी कोणाची गणना केली, हा त्याच्या गणिताचा तपशील नव्हे. त्याच्या नीतीचा तो पहिला आणि निर्णायक प्रश्न होय. माझ्या आईला विचारले असते, तरी तिने ‘बरी आहे’ असेच सांगितले असते.

४

या विवेचनाला एक आक्षेप आहे, आणि तो हलकेपणाने झटकून टाकण्याजोगा नाही. गरजेला अंत कोठे आहे? ब्रिटनचे आरोग्यमंत्री राहिलेले ईनॉक पॉवेल यांनी १९६६ साली लिहिलेल्या पुस्तकात असा युक्तिवाद केला की, विनामूल्य मिळणाऱ्या सेवेची मागणी अमर्याद असते. म्हणून कोणत्याही रकमेने ती भागणार नाही. शासनाजवळील पैसा तर मोजका आहे. शाळा, पाटबंधारे, धान्य, संरक्षण हे सारे त्याच पैशातून व्हायचे आहे. अशा स्थितीत गरजेपासून आरंभ करणे हा भाबडेपणा होय; शहाण्या माणसाने आधी थैली पाहावी आणि मग गरजा मोजाव्यात.

या आक्षेपातील एक भाग पटण्यासारखा नाही. आजारपण ही मिठाई नव्हे. फुकट मिळते म्हणून कोणी शस्त्रक्रिया करून घेत नाही. दुसऱ्या भागात मात्र तथ्य आहे. उपाय निघाला की त्याच्याबरोबर गरज जन्माला येते. मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णाला १९६० पूर्वी वैद्यकशास्त्र जवळजवळ काहीच देऊ शकत नव्हते. म्हणून कोणत्याही अंदाजपत्रकात त्याच्यासाठी तरतूद नव्हती आणि तिच्या अभावाबद्दल कोणी दोषीही नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तशुद्धीची प्रक्रिया पुनःपुन्हा करता येईल अशी युक्ती शोधली. यंत्रे थोडी, रुग्ण फार. तेव्हा कोणाला जगवावे हे ठरवण्यासाठी धर्मोपदेशक, वकील, गृहिणी, बँकर अशा सामान्य नागरिकांची एक समिती बसवण्यात आली, आणि ती रुग्णाचे उत्पन्न, कुटुंब, समाजातील स्थान यांवरून निवड करू लागली. १९७२ साली अमेरिकेने कायदा करून या उपचाराचा भार शासनाकडे घेतला, तेव्हा रुग्णांची संख्या आणि खर्च ही दोन्ही आरंभीच्या अंदाजांच्या फार पुढे गेली. यापुढेही असे घडणार आहे. उद्या जे औषध निघेल, त्याची गरज आज कोणाच्याच यादीत नाही.

तेव्हा सर्व गरजा भागवणारा आकडा अशी वस्तूच नाही, हे मान्य केले पाहिजे. पण यावरून जो निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे. निवड अटळ असेल, तर ती उघडपणे करावी लागते. सिॲटलच्या त्या समितीचे निकष आज आपल्याला अस्वस्थ करतात. तरीही आपण कोणाला नाकारीत आहोत, हे तिला ठाऊक होते. ‘तरतूद उपलब्ध नाही’ या तीन शब्दांनी जे नाकारणे होते, त्यात नाकारणाऱ्याला नाकारलेल्याचा चेहरा दिसत नाही. थैली आधी पाहणाऱ्या शहाण्या माणसावर माझा आक्षेप आहे तो एवढाच. थैलीचा आकार हासुद्धा पूर्वीच्या कोणत्या तरी निर्णयाचा परिणाम असतो, आणि तो निर्णय निसर्गनियमासारखा मांडणे ही स्वतःची फसवणूक होय.

अंदाज अधिक प्रामाणिक कसा करता येतो, याचे एक उदाहरण ब्रिटननेच २००२ साली दिले. डेरेक वॅनलेस या निवृत्त बँकप्रमुखाकडे वीस वर्षांनंतरच्या खर्चाचा अंदाज सोपवला होता. त्यांनी एक आकडा दिला नाही. तीन भविष्ये मांडली. लोकांचे आरोग्याकडे लक्ष कितपत राहील, प्रतिबंधावर किती भर दिला जाईल, सेवेची कार्यक्षमता किती वाढेल, यांनुसार २०२२-२३ साली लागणारी रक्कम १५४ अब्ज पौंडांपासून १८४ अब्ज पौंडांपर्यंत बदलत होती. दोन टोकांमध्ये ३० अब्ज पौंडांचे अंतर होते, आणि हे अंतर दैवाधीन नव्हते. त्या वीस वर्षांत समाज कसा वागेल यावर ते अवलंबून होते. ‘तुम्ही असे वागलात तर इतके लागेल’ असे म्हणणारा अंदाज प्रेक्षकाच्या जागेवरून उठून कर्त्याच्या जवळ येतो. पुढे २००७ साली वॅनलेस यांनीच आढावा घेतला, तेव्हा लोकांच्या पूर्ण सहभागाच्या वाटेपासून देश दूर असल्याचे त्यांना आढळले. अशा अंदाजातही एक धोका आहे. जबाबदारी केवळ व्यक्तीच्या सवयींवर ढकलली की, ज्याच्या वस्तीत स्वच्छ पाणी नाही त्यालाही त्याच्या आजाराबद्दल बोल लावता येतो. तरीही भविष्य एकच नसते, ही त्यातील जाणीव मोलाची आहे.

५

आपल्या देशापुरते बोलायचे तर आपला आरंभ अंदाजाने झाला नव्हता; तो संकल्पाने झाला होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये, बंगालमध्ये माणसे अन्नावाचून मरत असताना, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली गेली. भोर हे नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. समितीचा अहवाल १९४६ साली आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही वैद्यकीय सेवेवाचून राहू नये, हे त्याचे आधारतत्त्व. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार लोकांमागे रुग्णालयातील पाव खाटही नव्हती. समितीने या वस्तुस्थितीवर काही टक्के चढवले नाहीत. तिने माणसापासून मोजायला सुरुवात केली. नजीकच्या काळात दर ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि दूरच्या काळात दर दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय, असा तिचा आराखडा होता.

हा आराखडा अव्यवहार्य ठरवला गेला, आणि त्या दरिद्री देशात तसे वाटणे अस्वाभाविक नव्हते. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामुदायिक विकास योजनेखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. हे त्या अहवालाचेच देणे होय. पण पुढे आरोग्यावरील खर्चाची भाषा बदलत गेली. किती माणसांना काय लागेल, याऐवजी राष्ट्रीय उत्पन्नाचे किती टक्के, असे बोलले जाऊ लागले. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने म्हटले की, शासनाचा आरोग्यावरील खर्च ०.९ टक्क्यांवरून २०१० पर्यंत २ टक्के करावा. २०१० साल आले, तेव्हा तो एक टक्क्याच्या आसपासच होता. २०१७ च्या धोरणाने २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे महामारीच्या खर्चाच्या काळात, हे प्रमाण १.८४ टक्के होते. आणि २०२५ हे वर्ष उजाडले ते अडीच टक्क्यांपासून दूरच.

येथे अंदाज चुकला, असे म्हणण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. बेव्हरिज यांचा अंदाज चुकला. कारण जे घडेल असे त्यांना वाटले, ते घडले नाही. आपल्या धोरणांतील आकडे ही भाकिते नव्हती. ती शासनाने स्वतःविषयी केलेली विधाने होती. उद्या मी येईन, असे सांगून जो येत नाही, त्याचा अंदाज चुकला असे आपण म्हणत नाही. संकल्पाचे पाणी सोडणे आणि संकल्पावर पाणी सोडणे, यांतील अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. वचनभंगाला अंदाजातील चूक म्हटले की, त्याचे उत्तरदायित्व कोणावरच राहत नाही. शब्दांच्या या अदलाबदलीत आपल्या सार्वजनिक जीवनातील पुष्कळ अपराध लपून जातात.

शिवाय जी रक्कम शासनाने खर्च केली नाही, ती वाचत नाही. ती फक्त दुसऱ्या वहीत लिहिली जाते. २०१३-१४ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम कुटुंबांनी उपचाराच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरली होती. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण अद्याप दर शंभर रुपयांतील सुमारे चाळीस रुपये आजारी माणसाच्या घरातूनच येत होते. त्यांत काहींनी गहाण ठेवलेले दागिने आहेत, काहींनी विकलेली जनावरे आहेत. आणि ज्यांच्याजवळ विकण्याजोगे काहीच नव्हते, त्यांचा खर्च या चाळीसातही धरलेला नाही. कारण त्यांनी तो केलाच नाही. त्यांनी दुखणे अंगावर काढले.

६

भावी काळाविषयी आपले अज्ञान मोठे आहे. पुढची साथ केव्हा येईल आणि कोणती येईल, हे २०१९ च्या अखेरीपर्यंत कोणत्याही अंदाजपत्रकाला सांगता आले नव्हते. तथापि या अज्ञानाचा आडोसा आपण गरजेपेक्षा अधिक घेतो. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढील माणसे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आणखी पंचवीस वर्षांनी जे साठीचे होणार आहेत, ते आज पस्तिशीचे आहेत. कारखान्यांत, शेतांत, कचेऱ्यांत काम करीत आहेत. त्यांच्या वार्धक्याला अंदाजाची गरज नाही. त्यांच्यासाठी लागणारा विशेषज्ञ घडवायला दहा-बारा वर्षे लागतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे जो निर्णय आज घेतला नाही, तो आजच नकारार्थी घेतला गेला आहे. फक्त ज्याला नकार दिला, त्याला तो कळायला अवकाश आहे. लोकशाहीत पाच वर्षांनी निवडणूक येते. पंचवीस वर्षांनंतरचा म्हातारा रुग्ण त्या निवडणुकीत तरुण मतदार म्हणून उभा असतो, आणि स्वतःच्या त्या रूपाची त्यालाही ओळख नसते. त्याच्या वतीने आज बोलणे हे ज्याचे काम, त्याने केवळ अंदाज सांगून थांबणे पुरेसे नाही.

अंदाज टाकून द्यावा, असे माझे म्हणणे नाही. हिशेबाशिवाय केलेला संकल्प ही घोषणा होते, आणि घोषणांनी आपण पुरेसे दमलो आहोत. भोर समितीचा मोठेपणा तिच्या सदिच्छेत जितका आहे, तितकाच तिने खाटा, दाया आणि परिचारिका मोजल्या यात आहे. संकल्पाविना केलेला अंदाज मात्र कालच्या अन्यायाची उद्यापर्यंत ओढलेली रेघ ठरतो. म्हणून आरोग्यावरील भावी खर्चाचा कोणताही आकडा पुढे आला, तर तो बरोबर आहे काय, असे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. यात कोणाला मोजलेले नाही? आणि जे यात धरलेले नाही, ते कोणाच्या अंगावर पडणार आहे? ज्या अंदाजाला ही दोन उत्तरे देता येतात, तो चुकला तरी प्रामाणिक राहतो. ज्याला ती देता येत नाहीत, तो बरोबर आला तर अधिक काळजी करावी.

वडिलांनी आईच्या पश्चात ती वही लिहिणे बंद केले. त्यांनी त्याचे कारण सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. वही अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात दोन रकान्यांच्या शेजारी तिसरा आखण्याइतकी जागा प्रत्येक पानावर आहे. जे खर्च केले नाही आणि ज्याच्यावाचून कोणाला तरी चालवून घ्यावे लागले, ते लिहिण्यासाठी तो रकाना हवा होता. तो आखला असता तर दहा रुपयांचे वीस झाले असते की नाही, हे मला सांगता येणार नाही. आमची परिस्थिती बेताचीच होती. पण निदान पहिल्या तारखेला आईचे नाव त्या वहीत आले असते.